भुताच्या घरापासून पंचवीस मीटर

माणसाने कुणाचा हेवा करावा याला काही धरबंध असतो. शेजाऱ्याच्या मोटारीचा करावा, मेहुण्याच्या बढतीचा करावा, फार तर पासष्टाव्या वर्षीही डोक्यावर काळेभोर केस टिकवून बसलेल्या एखाद्याचा करावा. मी भुताचा केला. तेही शेजारच्या भुताचा. तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही, आणि ज्याच्यामुळे लागलं नाही त्याला धड डोकंसुद्धा नव्हतं.

आधी पत्त्याचं सांगतो, कारण सगळं दुखणं तिथलं आहे. आमच्या कार्तागो गावात घराला नंबर सांगणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा काहीतरी लपवत असतो. पत्ता सांगायचा तो कशापासून तरी. आणि आमच्या सांता रोसेल्यातल्या गल्लीचे सगळे पत्ते गेली सव्वीस वर्षं माझ्यापासून सुरू होत होते. 'डॉन एलादियोच्या टेलिफोनपासून शंभर मीटर उत्तरेला, पन्नास पश्चिमेला, हिरवं फाटक.' गल्लीत पहिला टेलिफोन माझ्याकडे आला होता, त्याचं हे फळ. पुढे घरोघरी टेलिफोन आले, मग खिशाखिशात आले, आणि नऊ वर्षांपूर्वी कंपनीची माणसं येऊन माझा भिंतीवरचा टेलिफोन काढूनही घेऊन गेली. डबा त्यांनी नेला, रिसीव्हर मात्र तारेसकट मी मागून घेतला. पत्त्याचं काही बिघडलं नाही. वस्तू नाहीशी झाली म्हणून पत्ता बदलायचा असले चाळे आम्ही करत नाही. अर्ध्या गावाचे पत्ते अजून तोडलेल्या झाडांपासून आणि जळालेल्या थिएटरपासून चालतात. मी स्वतः पोस्टात एकतीस वर्षं पत्रं लावली आहेत. नसलेल्या गोष्टींपासून घरं शोधण्यात माझा हात धरणारा आमच्या हापिसात कुणी नव्हता.

तर अशा माणसाच्या दारात मार्च महिन्यात विजेच्या बिलाचा लिफाफा आला, आणि त्यावर लिहिलं होतं: 'पाद्र्याच्या भुताचं घर. तिथून पंचवीस मीटर पश्चिमेला.'

मी तो तीनदा वाचला. मग आत जाऊन हाक मारली, "ओदिलिया, बाहेर या."

"काय झालं? वीज तोडली?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"वीज नाही. मला तोडलंय."

तिने लिफाफा हातात घेतला, चष्म्यावरून वाचला आणि म्हणाली, "बिल पोचलं ना? मग झालं तर." बायकांना इतिहासाची जाण नसते असं मी म्हणणार नाही, कारण ही गोष्ट ओदिलिया वाचणार आहे.

भुताचं घर म्हणजे आमच्या पूर्वेचं, डॉन रुफीनो कोतोंचं घर. डॉन रुफीनो बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात बाराही महिने मफलर, बोलणं हळू, आणि ऑर्किडचं वेड. एका पहाटे धुक्यात त्यांनी आपल्या जांभळ्या ग्वारियाचा फोटो काढला. फूल नीट आलं. पण फुलाच्या मागे, कुंपणापाशी, धुक्यातून एक पांढरी अर्धपारदर्शक आकृती उभी होती. लांब पायघोळ झगा, दोन्ही हात पुढे, आणि खांद्यांच्या वर काही नाही. मुंडकं नसलेला पाद्री! आमच्याकडे पाळण्यातलं पोरही ओळखेल. लहानपणी आम्हाला त्याच्या नावाने झोपवलं, आणि आमच्या पोरांना आम्ही झोपवलं. एवढी वर्षं तो ऐकण्यातच होता. तो आला, आणि आला तो नेमका रुफीनोंच्या अंगणात. पंचवीस मीटर अलीकडे यायला त्याला काय झालं होतं, हे मला आजतागायत कळलं नाही असं मी तेव्हा म्हणत असे.

चार दिवसांत फोटो गावभर झाला. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मालकीण आणि गल्लीच्या विकास मंडळाच्या अध्यक्षा दोन्या क्लेमेंसिया यांनी तो मोठा करून काउंटरच्या वर लावला आणि गिऱ्हाइकांना समजावून सांगू लागल्या.

"हे बघा, झगा डावीकडे लांब आहे आणि उजवीकडे आखूड. का? तलवार! मान उडवली तेव्हा तीच तलवार खाली येऊन झग्याला लागली. एवढं बारीक खोटं कोण करेल?"

लोक मान डोलवत. मीही डोलवली, कारण न डोलवणाऱ्याकडे सगळे बघत होते. पहाटे पहाटे रुफीनोंच्या फाटकाशी माणसं जमायला लागली. थेट तुरियाल्बाहून लोक थर्मास घेऊन येत. रुफीनो मफलर सारखा करत बाहेर येत आणि हलक्या आवाजात सांगत, "ते बोलत नाहीत. पण असतात." हे 'ते' ऐकलं की मी आपलं फाटक जरा जोरात लावत असे. कित्येक वर्षं या गृहस्थाला मी माझ्या फाटकातून ओरडून बोलावलं होतं, "डॉन रुफीनोऽ, टेलिफोऽन!" आणि हा चपला ओढत धावत येत होता. आता त्याच्या फाटकाशी गाड्या उभ्या राहत होत्या आणि गाडीवाले मला विचारत होते, "काका, भुताचं घर हेच का?"

"पुढचं," मी सांगत असे. माझ्यावर पुढचं घर दाखवण्याची वेळ आली होती.

खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. पहाटे उठून मागच्या अंगणात एक चक्कर मारायची माझी जुनी सवय, ती मी बंद केली. तब्येतीला ते मानवलं नाही. जेवणातही फरक पडला. आमच्या कालवणात एरवी चायोते, हे वेलावरचं हिरवं फळ, भरपूर असे, ते दिसेनासं झालं. ओदिलिया मात्र खूश होती. "माझा पांढरा झगा हल्ली सकाळी ओला नसतो," ती म्हणाली. "इतके दिवस त्याच्या काठाला चिखल कुठून लागत होता देव जाणे." मी ते कानाआड केलं. मला भुताचीच काळजी पुष्कळ होती.

आणि अशातच नगरपालिकेचं फर्मान आलं. प्रत्येक गल्लीने आपला एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवून कळवावा, पुढचे सगळे पत्ते त्यापासून लिहिले जातील. मंडळाची सभा दोन शनिवारांनी. म्हणजे आतापर्यंत निदान लोकांच्या तोंडी चाललं होतं, ते कायमचं कागदावर जाणार होतं. मी मेल्यावर माझ्या शोकपत्रिकेवरसुद्धा 'भुताच्या घरापासून' छापलं जाणार होतं.

मी नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला.

"संदर्भबिंदू आहे की होता? दोन रकाने आहेत."

"होता. टेलिफोन."

"मग 'होता'वर खूण करा, आणि फोटो जोडा. रंगीत, पोस्टकार्ड आकाराचा, सहा महिन्यांच्या आत काढलेला."

"बाई, टेलिफोन नऊ वर्षांपूर्वी नेला."

"असू दे की. फोटो सहा महिन्यांतला हवा."

"नसलेल्या वस्तूचा सहा महिन्यांतला फोटो कसा काढणार?"

बाईंनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीची लाज वाटली. "परवा तुमच्याच गल्लीतले एक मफलरवाले आले होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी भुताचा आणला. वारलेली वस्तू आणि ताजा फोटो. त्यांचा फॉर्म एकदम व्यवस्थित आहे."

घरी येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. त्याच्याकडे भूत आहे ना? मग माझ्याकडेही असेल. टेलिफोनच्या कोनाड्यापाशी रिसीव्हर कानाला लावून उभं राहिलेलं, धुरकट, निळसर, अंगावर काटा आणणारं. फोटोत टेलिफोनही येईल, भूतही येईल आणि तारीख ताजी असेल. नगरपालिकेला याहून काय हवं?

बाजाराच्या मागे डॉन तार्सिसियोंचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो हा त्यांचा वरवरचा धंदा. खरी कीर्ती वेगळी. मुलीच्या लग्नाच्या फोटोत वारलेला बाप हवा असेल, तर तार्सिसियो. घराण्याच्या फोटोतून पहिला नवरा काढून त्या जागी दुसरा बसवायचा असेल, तरी तार्सिसियोच. पूर्वी हे काम ते ब्रशने करत, आता कंप्युटरवर करतात. गावातल्या निम्म्या दिवाणखान्यांची गुपितं त्यांच्या पोटात आहेत, म्हणून चर्चमधला पाद्रीसुद्धा त्यांना आधी नमस्कार करतो.

"भूत हवंय," मी दार लावून म्हणालो.

"कुणाचं?"

"कुणाचंही चालेल. रुफीनोंच्यापेक्षा चांगलं पाहिजे."

त्यांना हसू आलं नाही. धंद्याचा माणूस. "भुताला दोन फोटो लागतात," ते म्हणाले. "कॅमेरा तिपाईवर, जराही हलवायचा नाही. एक फोटो रिकाम्या जागेचा. दुसरा त्याच जागी माणूस उभा करून. उरलेलं मी बघतो. माणूस कोण?"

हा प्रश्न अवघड होता. ओदिलियाला विचारायची सोय नव्हती. ती रविवारी बहिणीकडे पाराइसोला गेली तेव्हा तार्सिसियो कॅमेरा घेऊन आले आणि माणूस मीच झालो. पांढरं काहीतरी अंगावर हवं होतं, म्हणून खुंटीवरचा ओदिलियाचा टॉवेलचा झगा घातला. हा झगा तिने आखूड करायला घेतला होता. उजवी बाजू झाली आणि शिवणयंत्राची सुई मोडली, ती अजून मोडलेलीच आहे, हे मी तार्सिसियोंना सांगितलंही. डोक्यावरून उशीचा अभ्रा ओढला, रिसीव्हर कानाला लावला आणि सात मिनिटं उभा राहिलो. मध्येच शेजारच्या अंगणातून रुफीनो खोकले. खोटं नाही सांगत, मी स्वतः भूत असूनही दचकलो.

सोमवारी स्टुडिओत गेलो. तार्सिसियोंनी दोन्ही फोटो पडद्यावर एकावर एक ठेवले.

"खालचा थर रिकामी भिंत. वरचा थर तुम्ही. आता वरचा फिका करत नेतो. ऐंशी टक्के... साठ..."

पडद्यावर मी विरळ होऊ लागलो. माझ्या पोटातून भिंतीची वीट दिसू लागली.

"चाळीस," ते म्हणाले. "बस्स. भूत म्हणजे चाळीस टक्के माणूस. याच्या खाली गेलं की डाग वाटतो, वर गेलं की भाडेकरू."

मग त्यांनी माझे पाय गुडघ्यापासून पुसून टाकले. "भुताला पाय ठेवले की लोक आधी चपला बघतात." मला जरासं एका बाजूला ओढल्यासारखं धूसर केलं, म्हणजे मी आत्ताच कुठूनतरी सरकत आलो असं वाटेल. फोटोतला पिवळेपणा काढून निळा घातला, कोपरे काळवंडवले, अभ्र्याच्या जागी नुसती सावली ठेवली. बघता बघता आमच्या व्हरांड्यात, जिथे मी रोज कॉफी पितो, तिथे असं काहीतरी उभं राहिलं की माझ्या मानेवरचे केस ताठ झाले. अभिमानाने ऊर भरून आला. रुफीनोंचा पाद्री यापुढे म्हणजे वाळत घातलेली चादर.

"त्यांचा फोटो आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं. "शेजारी ठेवून बघू."

होता. दुकानासाठी मोठा करायला तो त्यांच्याकडेच आला होता. तार्सिसियोंनी दोन भुतं शेजारी शेजारी लावली. मग त्यांनी माझ्या भुताचा थर उचलून पाद्र्यावर ठेवला. डावीकडे लांब, उजवीकडे आखूड. काठाला काठ मिळाला, खांद्याला खांदा मिळाला.

"तलवार," मी बारीक आवाजात म्हणालो.

"सुई," तार्सिसियो म्हणाले. त्यांनी पाद्र्याच्या फोटोतली काळोखाची बाजू उजळत नेली. धुकं मागे सरलं. डोकं नव्हतं असं नाही, ते खाली वाकलेलं होतं आणि वेलाच्या पानांत खुपसलेलं होतं. पाय होते, रबरी बुटांत. आणि पुढे केलेल्या दोन हातांत, भक्तिभावाने धरलेलं, एक चायोते होतं.

माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, हे किती बरं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

आता चायोतेबद्दल बोलणं भाग आहे. तो वेल मी लावला. मूळ माझ्या अंगणात आहे, खत मी घालतो. पण या काकडीच्या कुळातल्या नतद्रष्ट वेलाला फळं धरायला जागा मिळाली ती कुंपणापलीकडे रुफीनोंच्या बाजूला. माझं म्हणणं, मूळ ज्याचं त्याचं फळ. रुफीनोंचं म्हणणं, ज्याच्या बाजूला लोंबेल त्याचं. यावर आमचं एकदा बोलणं झालं आणि त्यानंतर बोलणं नको म्हणून मी, त्यांची झोप न मोडता, माझ्या मालकीची वस्तू पहाटे जाऊन माझ्या घरी आणत होतो. थंडी असते, म्हणून हाताला लागेल तो झगा. याला चोरी म्हणणारा माणूस कोत्या मनाचा.

पण तार्सिसियोंच्या खुर्चीत बसून मला जे वाटलं ती लाज नव्हती, हे मी कबूल करतो. मला वाटला तो संताप. भूत माझं! पाठ माझी, झगा माझ्या बायकोचा, वेल माझा, आणि तुरियाल्बाहून लोक थर्मास घेऊन जातात रुफीनोंकडे? तीन आठवडे मी ज्याच्यावर जळत होतो तो मीच होतो, आणि माझी कीर्ती दुसराच माणूस मफलर घालून उपभोगत होता. बरं, हे सांगावं कुणाला? सांगितलं तर रुफीनोंचं भूत जाणार आणि माझं नावही जाणार.

"फोटो जाळून टाका आणि घरी जा," तार्सिसियो म्हणाले. "मी काही पाहिलं नाही."

मी घरी गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मत्सर माणसाला कल्पक करतो. मी म्हणालो, "तार्सिसियो, माझ्या भुताच्या झग्याचा काठ जरा ठळक करा. डावीकडे लांब, उजवीकडे आखूड, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे."

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पडद्यावर फोटो दाखवायला तार्सिसियो आपला कंप्युटर घेऊन बसले होते. बाहेर मोठ्या पातेल्यात गुळाचं पाणी उकळत होतं. रुफीनोंनी पडद्यावर पाद्री दाखवला, हलक्या आवाजात 'ते असतात' म्हणून सांगितलं. पण हॉलमध्ये पूर्वीचा सूर नव्हता.

"तीन आठवडे झाले, कुणालाच दिसले नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्ही चार पहाटा उभे होतो. सर्दी झाली नुसती."

रुफीनोंचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं की ते लिहायलाही लाज वाटते. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "दिसणार कसे? ते आता तिथे नसतात." आणि माझा फोटो पडद्यावर आला.

दोन्या क्लेमेंसिया उठून पडद्याजवळ गेल्या. त्यांनी बोट वर केलं. डावीकडे. उजवीकडे.

"नेग्रितामाय! तेच आहेत हे!" त्या ओरडल्या. "तोच झगा! तोच तलवारीचा घाव! पाद्रीबाबांनी घर बदललं!"

"अहो, पण कानाला टेलिफोन कशाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"एवढी वर्षं बिचाऱ्यांना डोकं नव्हतं, मिळाल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटणारच की!" दोन्या क्लेमेंसिया म्हणाल्या.

लोकांना हे इतकं पटलं की दोघातिघांनी नवा पत्ता मोठ्याने म्हणूनसुद्धा बघितला: डॉन एलादियोच्या टेलिफोनपासून, जिथे पाद्री बोलतो. रुफीनो जागेवरून उठले होते. "माझे पाद्री तुम्ही नेलेत?" एवढंच ते म्हणाले. मी खांदे उडवले. जाणाऱ्याला कोण अडवणार?

आणि तेव्हा तिसऱ्या रांगेतून ओदिलिया उठली. तिने पर्समधून चष्मा काढला, पुसला, घातला आणि पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकी हळू चालताना पाहिलं नव्हतं.

"हा घाव तलवारीचा नाही," ती म्हणाली. "ही माझी दुमड आहे. टाका माझा आहे. हा माझा झगा आहे."

"ओदिलिया, बसा ना जरा," मी म्हणालो.

"आणि मागच्या फोटोतलाही माझाच आहे. वर्षभर मी विचारतेय, झगा पहाटे ओला कसा होतो, चिखल कुठून लागतो. आता कळलं. डॉन तार्सिसियो, तो पहिला फोटो जरा उजळून दाखवता का?"

तार्सिसियोंनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं गुपितं पोटात ठेवणारा माणूस, पण ओदिलियासमोर त्याचंही काही चालेना. धुकं सरलं. वाकलेली पाठ आली, रबरी बूट आले, आणि शेवटी दोन हातांत ते आलं.

"पाद्रीबाबा चायोते खातात?" दोन्या क्लेमेंसियांनी विचारलं.

मग जे हसू फुटलं ते मी वर्णन करत नाही. हॉलच्या काचा वाजल्या. लहान मुलं बाकांवर चढून वाकायची नक्कल करू लागली. मी पडद्याशेजारी उभा होतो आणि मनातल्या मनात स्वतःला साठवरून चाळीसवर, चाळीसवरून शून्यावर आणत होतो, पण प्रत्यक्षात मी शंभर टक्के दिसत होतो.

हसू ओसरल्यावर दोन्या क्लेमेंसिया रुफीनोंकडे वळल्या. "आणि डॉन रुफीनो, तुम्हाला एवढा मोठा माणूस ओळखू आला नाही?"

रुफीनोंनी मफलर सैल केला. मी त्यांच्या गळ्याची कातडी प्रथमच पाहिली.

"आला," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी आला. ही पाठ मी वर्षानुवर्षं माझ्या खिडकीतून बघतोय. दर आठवड्याला वाकते."

"मग बोलला का नाहीत?"

रुफीनो म्हणाले, "मी भूत म्हटलं, तर घर माझं होतं. एलादियो म्हटलं असतं, तर लोक पुन्हा एलादियोबद्दलच बोलले असते. सव्वीस वर्षं मी माझा पत्ता यांच्यापासून सांगितला. माझ्या मुलीला नोकरी लागली, ते आधी यांना कळलं, कारण टेलिफोन यांच्याकडे. यांनी फाटकातून ओरडून सांगितलं, मी घरातून बाहेर येईपर्यंत सगळी गल्ली माझ्या मुलीचं अभिनंदन करून मोकळी झाली होती. एकदा तरी वाटलं, लोकांनी माझ्यापासून मोजावं."

कुणी हसलं नाही. मला तो दिवस आठवत होता. मी किती मोठ्याने ओरडलो होतो तेही आठवत होतं. मी दुसऱ्याच्या आनंदात ओरडतोय असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं होतं, आणि आता ते तितकंसं खरं वाटेना. एवढी वर्षं हा माणूस माझ्यावर जळत होता आणि मला त्याची साधी धगही लागली नव्हती. मी बाहेर जाऊन दोन पेले गुळाचं पाणी आणलं आणि एक त्यांच्या हातात दिला. दोघेही काही बोललो नाही. गरम होतं, म्हणून.

सभेने टेलिफोनही फेटाळला आणि भूतही फेटाळलं. बऱ्याच वादावादीनंतर नगरपालिकेच्या फॉर्मवर संदर्भबिंदू म्हणून 'चायोतेचा वेल' असं लिहिलं गेलं. 'आहे'वर खूण, फोटो ताजा. खिडकीतल्या बाईंनी लगेच शिक्का मारला. मूळ माझं, फळं त्यांची, आणि पत्ता सगळ्यांचा, असं दोन्या क्लेमेंसिया म्हणाल्या आणि आम्ही दोघांनी मान डोलवली. हेवा संपला, असं मला वाटलं.

पण गल्ली फॉर्म वाचत नाही. मे महिन्यात एका सकाळी फाटक वाजलं. रुफीनो उभे होते, हातात त्यांच्या विजेच्या बिलाचा लिफाफा. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मीटरवाल्याच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'चायोते-चोराचं घर. तिथून पंचवीस मीटर पूर्वेला.'

मी तो तीनदा वाचला. मला शरम वाटायला हवी होती. मी तिची वाट पाहिली, खरंच पाहिली. पण आतून जे वर आलं ते दुसरंच होतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर पसरलेलं रुफीनोंना दिसलंही असावं, कारण त्यांनी लिफाफा परत घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

"म्हणजे पुन्हा तुम्हीच," ते म्हणाले.

"लोकांचं तोंड कोण धरणार?" मी शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणालो.

ते जायला निघाले. फाटकापर्यंत गेले, थांबले, मागे वळले. गल्लीत कुणी नाही हे पाहून मफलर सारखा केला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"डॉन एलादियो, तुमच्या बाजूलाही दोन-चार लोंबतायत, मी पाहिलंय. तो झगा... एक दिवसापुरता द्याल का?"